पेरलेली वाट

मित्रांनो, मी एक जुनी वाट आहे, मन्याड नदीच्या काठची. हसू नका. वाट कुठं बोलते होय, असं तुम्हाला वाटत असेल. अहो, जन्मभर माणसं माझ्या अंगावरून एकमेकांच्या चहाड्या सांगत गेली. त्या ऐकून दगडालासुद्धा वाचा फुटली असती. मी तर माती आहे.

मला कुणी ठरवून तयार केलं नाही. गुरं पाण्याला उतरायची, त्यांच्या खुरांनी आधी रेघ पडली. मग गुराखी आले, मग बैलगाड्या आल्या. आमचं गाव तेव्हा खाली नदीजवळच होतं. अहमदपूरच्या बाजाराला निघालेल्या गाड्या माझ्यावरून धावायच्या आणि समोरून दुसरी गाडी आली तरी कुणाला थांबावं लागायचं नाही, एवढी मी ऐसपैस होते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला आप्पासाहेबांचं काळंभोर रान, आणि शेवटी चढ चढून डांबरी सडकेचा फाटा. त्या दिवसांत मला भारी गर्व होता, खोटं कशाला सांगू!

मग भूकंप झाला. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे जमीन हलली. नदीकाठची दगडमातीची घरं बसली. त्या पहाटे मी काय काय पाहिलं ते सगळं सांगवत नाही. एकच सांगते. आप्पासाहेबांच्या मालकीणबाईंच्या अंगावर माळवद कोसळलं होतं. त्यांना बाजेवर घालून माझ्यावरूनच फाट्याला नेलं. चौघांनी बाज धरली होती, आप्पासाहेब रडत शेजारून पळत होते, आणि सगळ्यांच्या पुढं कंदील घेऊन धावत होती साखराबाई. नुकतीच लग्न होऊन गावात आली होती पोरगी. खड्डा आला की ओरडून सांगायची. मालकीणबाई वाचल्या.

त्यानंतर गाव वर माळावर गेलं. आधी पत्र्याची शेडं, मग पक्की घरं, मग नवी सडक. ती सडक लांबचा वळसा घालून जाते, पण तिच्यावर जीप चालते ना! मग माझ्याकडे कोण बघतंय? अंगावर बाभळीची रोपं उगवली. मी आतल्या आत झुरत पडले.

त्यात आप्पासाहेबांची एक खोड. माणूस वाईट नाही हो, पण नांगर धरला की शेवटचं तास, म्हणजे नांगराची शेवटची रेघ, हमखास माझ्या अंगात घालायचे. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. दर साली थोडं थोडं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बैलानं वढलं, म्या काय करू?" नंतर ट्रॅक्टर आला, तरी ओढणारा बैलच! बघता बघता मी गाडीवाटेची पाऊलवाट झाले. दोन बायका शेजारी शेजारी चालू शकत नव्हत्या, एकीला मागं राहावं लागायचं.

पुढं लातूरला क्लासचं पेव फुटलं. ज्याचं त्याचं लेकरू लातूरला. साखराबाईची वर्षाराणीही गेली, डॉक्टर व्हायचं म्हणून. पण मेसचं जेवण तिला मानवेना. दोनदा दवाखाना झाला, तेव्हा पोरगी रडकुंडीला येऊन फोनवर म्हणाली, "आई, मी परत येते." साखराबाई म्हणाली, "येऊ नगंस. घरचा डबा देते धाडून." आपल्याकडची ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आईनं सकाळच्या येष्टीत डबा द्यायचा, लेकरानं लातूरच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचा. माळावरून फाट्याला त्या वेळेत पोचवणारी मी एकटीच होते. नव्या सडकेनं ती चालत गेली असती तर येष्टी केव्हाच निघून गेली असती.

झालं, मला पुन्हा दिवस बरे आले! रोज सकाळी साखराबाईची घाईची पावलं माझ्यावर पडायची. कंडक्टर वीरभद्र तिला ओळखायचा. ती चढावर दिसली की येष्टी घटकाभर थांबवायचा.

त्याच सालच्या उन्हाळ्यात लातूरहून सायकलवाली मंडळी आली. जाड दातेरी टायर, गिअर, डोक्यावर टोप. त्यांच्यातला वकार नावाचा तरुण मला बघून ओरडला, "काय झकास वाट आहे! एका सायकलीपुरती! असे चढउतार, अशी वळणं आपल्याकडे आहेत आणि आपण घाटात जातो होय!" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आप्पासाहेबांनी मला कोरून कोरून बारीक केलं, तेच यांना देखणं वाटलं. पण खरं सांगते, ती पोरं माझ्या उतारावरून ओरडत सुटली तेव्हा मलाही जुन्या गाड्यांची आठवण झाली.

पुढच्या खेपेला त्यांनी वळणावळणावर चुन्याची फक्की टाकली. घोटाळा झाला तो इथंच. आप्पासाहेब बांधावरून बघत होते. डोक्यावर टोप घातलेली शहरी माणसं फोनमध्ये बघून चुना टाकायलेत म्हणजे दुसरं काय असणार? मोजणी! वाटेची सडक होणार, रान जाणार! विचारायचं कुणाला? छे! दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घालून त्यांनी मला उभी आडवी नांगरली. पुन्हा कुणी वाट म्हणू नये म्हणून मुठीमुठीनं दाट मूग फेकला. नांगराचा फाळ तसा मला नवा नव्हता, पण त्या दिवशी तो छातीतून गेला.

पहिल्या पावसावर मूग उगवला, वीतभर झाला. आता तुम्ही म्हणाल, साखराबाईनं सरळ तुडवत जायचं. नाही मित्रांनो! दुसऱ्याच्या उगवल्या पिकात पाय घालायचा नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. ते पीक वाटेवर पेरलेलं असलं तरी. आप्पासाहेबांनाही ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी साधं कुंपणही घातलं नाही. साखराबाई खाली नदीच्या पात्रातून गोटे तुडवत जायला लागली. उशीर व्हायचा. एकाच आठवड्यात दोनदा डबा चुकला. वर्षाराणी म्हणाली, "आता रविवारी डबा आला न्हाई, तर मी बॅग भरून येते."

त्या रविवारी मन्याडला पाणी चढलं होतं. साखराबाई काठावर आली, तेवढ्यात सायकलवालेही आले आणि मुगापुढं गोंधळून उभे राहिले.

"मावशी, इथं वाट होती ना?" वकारनं विचारलं.

"व्हती. आता पीक हाय."

"मग आता?" म्हणत त्यानं सायकल मुगात घातलीच होती, तोच साखराबाई ओरडली, "नगं लेकरा! उगवल्यालं हाय, त्यावर चाक नगं घालू!"

आणि ती स्वतः डबा डोक्यावर धरून पाण्यात उतरली. पाणी कमरेला लागलं. गोटा निसटला, ती कलंडली. वकारनं सायकल टाकून उडी घेतली आणि तिला काठावर ओढलं. डबा तिनं सोडला नव्हता. एवढ्यात फाट्यावरून येष्टीचा हॉर्न वाजला.

आप्पासाहेब धावत आले. "कशाला पाण्यात मरायलीस, बाई? आन तुमी मोजणीवाले, तुमाला दिसत न्हाई का?"

"मोजणीवाले? काका, मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. रविवारी सायकल चालवायला येतो."

"मंग ती फक्की?"

"मागून येणाऱ्यांना वळण कळावं म्हणून."

आप्पासाहेबांनी एकदा मुगाकडं बघितलं. साखराबाई ओल्या पदरानं डबा पुसत एवढंच म्हणाली, "आप्पा, त्या दिशी बाज मागं, कंदील पुढं, आन हीच वाट व्हती. तवा ती एवढी बारीक न्हवती."

पुन्हा हॉर्न वाजला. आप्पासाहेबांनी पायातल्या वहाणा काढल्या, वाकून मातीला हात लावला, तो हात कपाळाला लावला. आणि पहिलं पाऊल स्वतःच्या मुगावर ठेवलं. दुसरं ठेवलं. मूग मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यांनाही आला असणार, कारण त्यांचे डोळे भरले होते.

"माज्या मागनं ये," ते म्हणाले. "माज्या पावलात पाऊल टाक."

साखराबाई त्यांच्या मागं निघाली. तिच्या मागं वकार, चाकानं आणखी मूग मोडू नये म्हणून सायकल खांद्यावर घेऊन. चढावर आप्पासाहेबांनीच आरोळी ठोकली, "ए वीरभद्र, थांब रे! डबा हाय!" आणि डबा येष्टीत बसला. वर्षाराणीची बॅग लातूरलाच राहिली.

पुढच्या पेरणीला आप्पासाहेबांनी ट्रॅक्टर माझ्याजवळ आणला आणि वेळेवर वळवला. गाडीवाट काही मी पुन्हा झाले नाही, पण आहे तेवढी माझी आहे. सायकली येतात. आता पोरं फक्की टाकायच्या आधी आप्पासाहेबांच्या घरी चहा पिऊन त्यांना सांगतात.

मित्रांनो, तुमच्याही गावाला माझ्यासारखी एखादी असेल, कुणी कोरलेली, कुणी विसरलेली. तिला रंग लागत नाही, डागडुजी लागत नाही. सुट्टीत गेलात तर एकदा तिच्यावरून चालून या. माझ्यावर ज्यांनी नांगर घातला, त्यांच्याच अनवाणी पावलांनी मी पुन्हा उठले. तुमची पावलं तर केवढी हलकी आहेत.