मंगळवारी इर्मा हसली नाही

मित्रांनो, मी हसण्याची एक जुनी पेटी आहे. हसू नका! म्हणजे हसा, पण माझ्यावर नको. मी जन्मभर तुमच्याच वतीने हसत आले आहे. सध्या लॉस एंजेलिसजवळ ग्लेनडेलमधल्या एका गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या बटणांवर गंज चढला आहे आणि एका कोळ्याने माझ्या पोटात संसार थाटला आहे.

माझा जन्मही याच गॅरेजातला. एमेट सोरेन्सन नावाच्या ध्वनिमुद्रकाने मला घडवले. लाकडाचे अंग, टाइपरायटरसारखी बटणे, पायाशी शिवणयंत्राला असते तशी पट्टी आणि पोटात टेपच्या फितींची गोल वेटोळी. प्रत्येक वेटोळ्यात खऱ्याखुऱ्या माणसांचे हसू होते. एमेटने ते एका मूकनाट्याच्या प्रेक्षकांत माइक ठेवून टिपले होते. मूकनाट्यात कुणी बोलत नाही, त्यामुळे हसू निर्भेळ मिळते. एक बटण दाबले की बायका खुदखुदत, दुसरे दाबले की पुरुष सातमजली हसत, आणि पायाची पट्टी दाबली की ते हसू मोठे होई.

तेव्हा टीव्हीवरच्या कितीतरी विनोदी मालिका बंद स्टुडिओत, प्रेक्षकांवाचून चित्रित होत. नट विनोद करून क्षणभर थांबे आणि समोर सगळे चिडीचूप. ते भाग स्टुडिओतल्या आमच्या खोलीत आले की एमेट त्या शांततेत माझे हसू पेरी. पेरताना माझ्या बटणांवर घोंगडी टाके, कारण धंद्यातली खुबी कुणाला दिसू द्यायची नसे. निर्माते म्हणत, एमेटच्या हातात जादू आहे. वर्तमानपत्रे मात्र लिहीत, 'खोटे हसू!' मला ते फार लागायचे. माझे हसू उसने होते हे मला कबूल, पण खोटे कसे?

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरातला तो आठवडा मला विसरता येत नाही. त्या एका आठवड्यातले निरनिराळ्या मालिकांचे भाग लोक अजून शोधशोधून बघतात. खाणावळवालीचा केक छताला चिकटतो तो सोमवारचा, आग विझवणारे जवान आपल्याच ठाण्यात अडकतात तो मंगळवारचा, आणि भाषणाला उभ्या राहिलेल्या महापौरांना उचकी लागते तो शुक्रवारचा. त्या सगळ्यांत हसले कोण? मीच की!

त्या सोमवारी मंगळवारच्या मालिकेचा निर्माता मॉर्ट कॅस्पर तणतणत आत आला.

"एमेट, ती कोंबडी काढून टाक बाबा."

"कुठली कोंबडी?"

"ती रे, हसताना आधी कुककुक करते आणि मग अंडं घातल्यासारखी ओरडते. दर मंगळवारी तीच! लोक ओळखायला लागलेत तिला. उद्या मानधन मागेल."

एमेटने ते वेटोळे माझ्या पोटातून काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. शुक्रवारी ते पुसून त्यावर नवे, तरुण हसू भरायचे ठरले. फिती पुसून पुन्हा वापरायची तेव्हा रीतच होती. मंगळवारचा भाग कोंबडीवाचून गेला. मला चुकल्याचुकल्यासारखे झाले, पण पेटीला कोण विचारतो?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फाटकावर एक म्हातारा आला. हातात डोनटचा खोका होता. पहारेकरी एमेटला म्हणाला, "घे, तुझं गिऱ्हाईक. बायको हसली नाही म्हणून तक्रार घेऊन आलंय!"

एमेट हसला नाही. त्याने म्हाताऱ्याला आमच्या खोलीत आणले. त्याचे नाव स्टॅन कोवाच. सारा जन्म त्याने प्लंबरचे काम केले होते.

"माझी इर्मा जाऊन तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "फार वर्षांपूर्वी फुकटच्या पासावर आम्ही इथे ते न बोलण्याचं नाटक बघायला आलो होतो. एवढी हसली, एवढी हसली की पुढच्या बाईने वळून बघितलं. आता दर मंगळवारी ती टीव्हीत हसते. पोरगी म्हणते, पपा, डॉक्टरांना दाखवू या. म्हटलं, खुशाल दाखव. पण या मंगळवारी ती हसलीच नाही हो. मला वाटलं, पुन्हा गेली. आता तुम्हीच सांगा साहेब, मला वेड लागलंय का?"

एमेटचा चेहरा उतरला. त्याने खिळ्याकडे बघितले. मग आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर माझ्यावरची घोंगडी काढली, ते वेटोळे माझ्या पोटात बसवले आणि बटण दाबले.

मी हसले. स्टॅनने शेवटपर्यंत ऐकले. मग त्याने मान हलवली.

"आवाज तिचाच. पण ती अशी उगाच नाही हसायची. तीस वर्षांत बाईने मला एक हसू फुकट दिलं नाही. आधी जोक सांगावा लागायचा."

"मग सांगा की," एमेट म्हणाला.

स्टॅन सावरून बसला. "एका बाईचा फोन आला, नळ फुटलाय, लवकर या. मी गेलो आठवड्याने. तिने दार उघडलं आणि म्हणाली, बरं झालं सवडीने आलात, तेवढ्यात पोरांना पोहायला शिकवून झालं."

एमेटने बटण दाबले. विनोद संपला की श्वासभर थांबायचे आणि मग हसायचे, हा आमचा शिरस्ता. तो आम्ही अगदी चोख पाळला.

"उशीर केलात," स्टॅन हिरमुसून म्हणाला. "शेवटापर्यंत ती थांबायची कुठे? पाठ होता तिला. दार उघडण्यापाशी आलो की हसत सुटायचीच."

"पुन्हा सांगा," एमेट म्हणाला.

"एका बाईचा फोन आला, नळ फुटलाय, लवकर या. मी गेलो आठवड्याने. तिने दार उघडलं आणि..."

एमेटने बटण दाबले. पायाची पट्टीही दाबली. मी जीव खाऊन हसले.

स्टॅनचा हात हवेतच राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि तो माझ्याकडे वळून कावला, "अगं इर्मा, पुरं तरी करू दे की मला!"

ते वेटोळे पुसले गेले नाही. मॉर्टने पुष्कळ आदळआपट केली, पण एमेट हटला नाही. पुढे ती मालिका बंद पडेपर्यंत दर मंगळवारी इर्मा हसत राहिली, आणि तीही विनोद संपायच्या जरा आधीच. एमेटची वेळ चुकायला लागली, असे एका वर्तमानपत्राने छापले. त्याने ते वाचून घडी घातली आणि कामाला लागला.

मित्रांनो, आता एमेटही नाही आणि स्टॅनही नाही. नवी यंत्रे आली आणि मी इथे धूळ खात पडले. माझी धूळ कुणी झटकली तर बरेच वाटेल, पण मागायचे आहे ते दुसरेच. तुमच्या घरी कुणी तोच तो विनोद सांगत असेल, तर कंटाळून उठून जाऊ नका. हसा, आणि त्याच्या समोर बसून हसा. मी हसू कितीही वर्षे सांभाळीन हो, पण त्याआधी ते कुणीतरी हसावे लागते.