पियानोच्या दिशेने

माझ्या ताईला पुरस्कार मिळाला तो डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या नाचासाठी. संगीत नाटकातली नायिका एकटीच आंधळी कोशिंबीर खेळते, निघून गेलेल्या माणसांना शोधत, आणि गिरक्या घेत अख्खा रंगमंच पालथा घालते. त्या एका नाचाने ताई नर्तकीची नृत्यदिग्दर्शिका झाली. गुडघा गेला तरी नाव राहिलं. पुरस्काराची पितळी बाहुली घरच्या कपाटात उभी आहे, ती पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे.

आता तेच नाटक पुन्हा उभं राहत होतं आणि तो नाच ताईची लेक करणार होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात. पियानोवर मी, तिची मावशी. पोरगी आईसारखीच हट्टी. तिने पट्टी जाड काळ्या कापडाची, दुहेरी शिवून घेतली. आईने न बघता केलं, मीही तसंच करणार, म्हणाली. ताई काहीच बोलली नाही. एरवी तिचं तोंड कधी बंद नसतं, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

न बघता नाचायचं तर दिशा कानांनी ठरवावी लागते. तालमीच्या खोलीत पियानो मागच्या भिंतीशी होता. त्यावरून भिंगरीने युक्ती काढली. गिरक्या संपत आल्या की पियानोच्या आवाजाकडे सरकायचं, आवाज अगदी जवळ आला की थांबायचं. पियानोकडे गेलं की धोका नाही, हे महिनोन्महिने घोटून तिच्या पायांत मुरलं. आम्ही तिघी त्या युक्तीवर खूश होतो.

मग पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दुपारी नाट्यगृहात रंगीत तालीम लागली. तिथे पियानो असतो रंगमंचाच्या पुढे, खाली, वादकांच्या खड्ड्यात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, माझा जन्म गेला त्या खड्ड्यात. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिची पावलं माझ्याकडे यायला लागली तेव्हा.

मान वर केली की माझी नजर थेट रंगमंचाच्या कडेला जाते. पावलं आधी लांब होती. पुढच्या गिरकीला जवळ आली, त्यापुढच्या गिरकीला आणखी जवळ. खाली पुरुषभर खोली, आणि तळाशी नोटेशनचे लोखंडी स्टँड. ओरडावं, तर दचकून तिचा तोल जायचा. वाजवणं थांबवावं, तर ताईची शिस्त आड आली. संगीत बंद पडलं तरी नाच थांबवायचा नाही, हे तिने लेकीच्या अंगात भिनवलं होतं.

हळू वाजवलं तर तिला वाटणार, पियानो अजून लांब आहे. म्हणून मी जोरात वाजवायला लागले. आणखी जोरात. अंगाईसारखी हळुवार चाल, आणि मी घण घातल्यासारखी बडवत होते. वेड लागलंय का तुला, असं ताई प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून ओरडली; तिथून तिला कडेचा अंदाज येत नव्हता. मी जीव मुठीत धरून बडवत राहिले आणि देवाला नाही नाही ते कबूल केलं.

पावलं थांबली. उजव्या पायाची बोटं कडेच्या बाहेर होती.

भिंगरीने पट्टी काढली, खाली पाहिलं आणि पांढरीफटक पडली. मागे सरकून ती तिथेच बसली. ताई लंगडत पायऱ्या चढून वर आली. पोरीने विचारलं, "आई, तू कधी अशी कडेला आली होतीस?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या पट्टीतून दिसायचं. जाळीचं कापड होतं."

मला भयंकर राग आला. इतकी वर्षं मी ती बाहुली पुसतेय, आणि ही बोलली कधी, तर पोरीचा जीव जाता जाता वाचल्यावर. ताई पुढे म्हणाली की ते कापड अजून घरी आहे, उद्या तेच बांधू, कुणाला कळणारही नाही.

भिंगरी उठली. तिने काळी पट्टी पुन्हा डोळ्यांवर घेतली आणि गाठ मारली.

"मग कुणीतरी खरंच न बघता नाचायला हवं," ती म्हणाली. "मावशी, पहिल्यापासून."

मी नको नको म्हणाले. आधी पियानो वर नेऊ, मागे ठेवू, मग कर. तिने ऐकलं नाही. आता थांबले तर उद्या पाय उचलणार नाहीत, म्हणाली.

ताईने वाद घातला नाही. ती रंगमंचाच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली, लेकीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून. मी वाजवायला लागले. आता माझ्या डोळ्यांसमोर ताईच्या टाचा होत्या. दुखऱ्या गुडघ्याचा पाय थरथरत होता, आणि पलीकडून गिरक्यांचा आवाज जवळ येत होता.