पैलवानाची पत्रं

युद्धाआधी तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. भरतीच्या साहेबांनी त्याचा जाड भिंगांचा चष्मा पाहिला आणि बंदुकीऐवजी काळ्या शाईची बाटली नि कापसाचा बोळा त्याच्या हातात दिला. शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं वाचायची आणि शत्रूच्या कामाला येईल असं जे जे दिसेल, त्यावर शाई फिरवायची. आठवडाभरात सगळी छावणी त्याला ‘बोळा’ म्हणू लागली.

नियमावली तीन पानी होती. ‘थंडी फार आहे’ लिहिलं तर ठिकाण कळतं, ‘पोट बिघडलंय’ लिहिलं तर सैन्याची ताकद कळते, आणि ‘कंटाळा आलाय’ लिहिलं तर सगळंच कळतं. शाई वाळेपर्यंत बहुतेक पत्रांत ‘प्रिय’ आणि ‘तुझा’ एवढेच दोन शब्द जिवंत राहायचे.

आणि छावणी तरी कसली! आघाडीपासून ट्रकनं दिवसभराच्या वाटेवर असलेली पावाची भट्टी. चाळीस माणसं सकाळपासून पीठ मळायची, भाजायची, ट्रक भरायची. शत्रू कसा दिसतो हे कुणालाच माहीत नव्हतं. तूर्त सगळे मुकादमावर भागवत होते.

त्या चाळिसांतला एक पैलवान. फुंकर मारली तर उडेल अशी अंगकाठी, म्हणून पैलवान. त्याचा मेहुणा आरमारात होता आणि त्याला नुकतंच पदक मिळालं होतं. बायकोचं पत्र आलं, ‘दादाच्या पदकाला बाबांनी चौकट करून घेतली. तुमचं काय चाललंय म्हणून विचारतात.’

आता सासऱ्यांना काय कळवायचं, जावई पाव भाजतो? पैलवानानं ठोकून दिलं. गेल्या आठवड्यात एकट्यानं तीन मशीनगनी पकडल्या, दोघा शत्रूंना बकोटीला धरून आणलं, आणि सेनापतींनी पाठ थोपटली.

बोळ्यानं पत्र वाचलं. नियमावली उलटसुलट चाळली. पत्रात ठिकाण नव्हतं, हवा नव्हती, पोट नव्हतं. पुसावं असं खरं त्यात काही सापडेचना. त्यानं ‘शूर’मधला उकार तेवढा दीर्घ केला.

“तीन मशीनगनी जरा जास्त नाही होत?” त्यानं पैलवानाला विचारलं.

“आधी पाच होत्या रे. तुझ्या भीतीनं दोन सोडल्या.”

बोळा हसला आणि त्यानं ‘तपासले’चा शिक्का मारला.

सासरे ते पत्र घेऊन थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तीन आठवड्यांनी तो अंक छावणीत पोचला. पहिल्याच पानावर पैलवानाचा लग्नातला फोटो होता. मेजरसाहेबांनी दोघांना बोलावून घेतलं.

“असला वाघ माझ्या भट्टीत पीठ मळतोय आणि मला पत्ता नाही?”

“साहेब, सगळं खोटं आहे हो,” पैलवान रडकुंडीला आला. “बायकोसाठी लिहिलं.”

साहेबांनी बोळ्याकडे पाहिलं. “शिक्का कुणाचा?”

“माझा, साहेब. पण ते खरंच खोटं—”

“म्हणजे लष्कराचा शिक्का तुम्ही खोट्यावर मारलात? याला तुरुंग आहे, माहीत आहे ना? घाई नाही. विचार करून सांगा. पत्र खरं की खोटं?”

पैलवान त्याच्याकडे टक लावून पाहत होता. बोळ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“खरं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पैलवान आघाडीवर गेला. पावाच्याच ट्रकमधून, स्वतः भाजलेल्या पावांच्या टोपल्यांत अंग चोरून बसून.

रिकामे ट्रक परत येताना आघाडीचं टपाल आणायचे आणि ते बोळ्याच्याच टेबलावर पडायचं. पैलवान आता खरं लिहीत होता. ‘खंदकात गुडघाभर पाणी आहे.’ बोळा फिरला. ‘शेजारचा माणूस बोलता बोलता गेला, वाक्यसुद्धा पुरं झालं नाही.’ बोळा फिरला. ‘सकाळी हात इतके थरथरतात की बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत. मला फार भीती वाटते गं.’ हे त्यानं चार वेळा वाचलं. भीती, पान दुसरं, कलम सहावं. बोळा फिरला.

घरून येणारी पत्रंही तोच तपासायचा. बायकोनं लिहिलं होतं, ‘पूर्वी किती छान लिहायचात! आता नुसते काळे पट्टे. बाबा म्हणतात, जावयाची कामगिरी फारच गुप्त झालेली दिसते. गल्लीत आपला मान खूप वाढलाय.’ यात मात्र पुसण्यासारखं काही नव्हतं.

चार महिन्यांनी पैलवान परत आला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. बंदुकीला आठ बोटं पुरत नाहीत, पिठाला पुरतात, असं डॉक्टरांचं मत पडलं होतं. बोळा भट्टीवर गेला तेव्हा तो परातीपुढे उभा होता.

“पत्रं पोचली ना रे?”

“पोचली. पुसून.”

“सगळी?”

“सगळी.”

पैलवानानं पिठाचा गोळा उलटा केला. “पण तू वाचलीस.”

“वाचली. काही चारचारदा.”

“म्हणजे खरं काय ते तुझ्या एकट्याजवळ आहे म्हणायचं.”

बोळा म्हणाला, “त्या दिवशी साहेबांसमोर मी—”

“इकडे ये आधी. हे धड मळलं जात नाही,” पैलवान म्हणाला. “बाह्या वर कर.”

बोळ्यानं बाह्या वर केल्या. त्या दिवसापासून टपालाचं काम आटपलं की तो रोज परातीपुढे येऊन उभा राहू लागला. साहेबांसमोरच्या त्या ‘खरं’बद्दल पैलवान कधी बोलला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही. वर्षअखेरीला मेजरसाहेबांनी बोळ्याच्या अहवालात शेरा मारला, ‘काम चोख आहे, परंतु पत्रांना पीठ लागते.’