हंड्याच्या खेळाची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे बरं का! टेपरेकॉर्डरमध्ये घातलीत तर मी नुसती चिरकेन आणि तुम्ही कानांवर हात ठेवाल. तोच टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला की मात्र टीव्हीवर खेळ उमटायचा. एके काळी.

माझा जन्म १९८७ सालचा, पिरंगुटच्या एका कारखान्यातला. जवळच्या मुठा गावची चांगुणा तिथे टायपिस्ट होती. मालक हैबतरावांनी हौसेने आणलेला छोटा कॉम्प्युटर केबिनमध्ये धूळ खात पडला होता. "बघ बाई, तुला काही जमतंय का," ते म्हणाले. पोरगी मोठी चिकाटीची. काम सुटल्यावर रोज तासभर बसून वर्षभरात तिने एक खेळ रचला आणि माझ्यावर उतरवला.

खेळात एक बाई डोक्यावर हंडा घेऊन नदीवरून घरी निघते. वाटेत फळ्या, शिड्या, ढकलता येतील असे धोंडे. उडी मारली की पाणी हिंदकळणार, धोंडा चुकीच्या जागी गेला की वाटच बंद. असे वीस चढ. शेवटचा कसा रचावा ते चांगुणाला काही केल्या सुचेना. तिने आईला, भिमाबाईला, विचारलं. भिमाबाईचा जन्म नदीचं पाणी वाहण्यात गेलेला.

"आई, वाट लईच अरुंद आसली तर तू कशी चढायचीस?"

"हंडा आदी वरच्या दगडावर ठिवायचा, मग आपुन चढायचं. त्यात काय हाय?"

झाला की विसावा चढ!

पुण्याच्या एका कंपनीने चांगुणाला दसऱ्यानंतरच्या सोमवारी बोलावलं. खेळ आवडला तर नोकरी. खेळ होता तो फक्त माझ्याजवळ. दुसरी कॅसेट भरून ठेव, असं तिला कोणी सांगितलं नाही, आणि मला कुठलं बोलता येतंय?

मध्ये आली खंडेनवमी. चांगुणा कामावर गेलेली. भिमाबाईने पूजेला विळा, कोयता, कुदळ मांडली आणि शेजारी मला ठेवलं. "ह्ये माज्या लेकीचं हत्यार," म्हणत पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. खरं सांगू, मी हरखून गेले. आजवर माझ्यापुढे कोणी मान लववून उभं राहिलं नव्हतं. कुंकू मात्र थेट माझ्या फितीपर्यंत पोचलं. संध्याकाळी तिने मला पदराने पुसून डबीत ठेवलं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

सोमवारी मला तीनदा लावलं आणि तिन्ही वेळा मी मध्येच अडकले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पुन्हा कधीतरी या," म्हणाले. परतताना बसमध्ये चांगुणाने माझ्या फितीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. ती खिडकीकडे तोंड करून पौड रोडभर रडली. मला वाटलं, आज आईची काही धडगत नाही.

भिमाबाई दारातच उभी. "मिळाली न्हवं नोकरी? म्या पूजा केलीया. न मिळून जातीया कुटं?"

चांगुणाने बोट साडीच्या निऱ्यांत पुसलं. "त्यांचं मशीनच बिघडलं व्हतं, आई. परत बोलवत्यात."

"मशीनला बी पूजा लागती, बाई," असं म्हणून भिमाबाई भाकरी थापायला बसली.

कंपनी कसली बोलावतेय! चांगुणाने खेळ रचताना वहीत टिपलेल्या खुणांवरून सहा महिने खपून सगळा खेळ पुन्हा लिहिला, या वेळी दोन कॅसेटवर. मग स्वतःच पुण्याला जाऊन साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. विसावा चढ पाहून साहेब खुर्चीतून पुढे सरकले, आणि तिला नोकरी लागली.

मित्रांनो, मोलाची गोष्ट नेहमी दोन ठिकाणी ठेवावी, एवढं माझं ऐका. आणि निकामी झालेल्यालाही एकदम फेकू नका. दर खंडेनवमीला भिमाबाई हाक मारते, "चांगुणे, तुजं हत्यार दी गं." नव्या दोन कॅसेटपैकी एक घरी कपाटात कुलपात असते, दुसरी पुण्याच्या ऑफिसात. चांगुणा ट्रंक उघडते आणि आईच्या हातात मला देते.