अक्षतांवाचून आवतण
सुकन्यानं कळ दाबली. झालं! लग्नाचं खोटं आवतण बिदरच्या नौबादमधल्या दवाखान्यातल्या प्रत्येक कंप्युटरवर जाऊन पोचलं. आता जो पत्रिका उघडेल, त्याच्या नावापुढं तिच्या पडद्यावर लाल ठिपका पेटणार.

दवाखान्याचे कंप्युटर सांभाळायचं काम तिच्याकडं. चोर मेलमधून घुसतात, सगळं रेकॉर्ड कुलूपबंद करतात, हे ती कधीची सांगत होती. रेकॉर्डची एक प्रत वेगळी, कुठल्याही तारेला न जोडलेली ठेवू. अशा मेलची दर महिन्याला रंगीत तालीम घेऊ, एवढंच तिचं मागणं. पण ट्रस्टचे अध्यक्ष बंडोपंत हसले होते. "अगं, आपल्या बिदरात कोण येतंय मरायला? घे एकदा तालीम. कुणी फसलंच न्हाई, तर विषय बंद. परत माझं डोकं खायचं न्हाई."

म्हणून तिनं डोकं लढवलं. 'खजुरीच्या राघोबांच्या कन्येचा विवाह, सहकुटुंब यावे, पत्रिका सोबत.' लग्नसराईत पत्रिका न उघडणारा माणूस आपल्याकडं जन्माला यायचाय! धडाधड ठिपके पेटतील, याची तिला खात्री होती.

कशाचं काय! दुपार झाली तरी पडदा कोरा. मेल पोचलाच नसेल का? ती धावत खाली केसपेपरच्या खिडकीशी गेली. तिथं केसपेपर काढून देणाऱ्या अंबुबाई फणफणत होत्या.

"सुकन्याक्का, ह्यो कोण राघोबा म्हणायचा? अक्षता न्हाईत, कुकू न्हाई, नुसतं कंप्युटरवर आवतण धाडायलाय! आमी काय वाटेवर पडलोय? असल्या लग्नाला कोण जातंय!"

"मग पत्रिका उघडली न्हाई तुम्ही?"

"कामून उघडू? खजुरीला भावाला फोन लावला. तिथं असलं लगीनच न्हाई म्हणाला. मंग वर लॅबात महांतेशला सांगितलं, त्यानं सगळ्यांना सांगितलं."

सुकन्याला अंबुबाईंना मिठी मारावीशी वाटली आणि कपाळ बडवून घ्यावंसंही वाटलं. आधी फोन करून खात्री करा म्हणून ती घसा कोरडा करत होती, ते ह्या बाईनं रागाच्या भरात केलं होतं! पण म्हणजे कुणीच फसलं न्हाई. विषय बंद.

जड पायांनी ती वर आली आणि थबकली. पडद्यावर एक लाल ठिपका पेटला होता. नाव होतं बंडोपंतांचं.

आनंदानं उडी मारावी की पळून जावं, तिला कळेना. इतक्यात तेच दारात उभे. "काय, किती फसले?"

"एकच, काका."

"कोण तो शहाणा?"

तिनं पडदा त्यांच्याकडं फिरवला. बंडोपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं, मला वाटलं, अक्षता घरी देऊन गेले असतील. तुझ्या काकूला, सरस्वतीला, विचारायचं राहिलं."

"खरा चोर असता तर तुमच्या कंप्युटरवरून सगळं बंद पाडलं असतं. डायलिसिसच्या पाळ्या, रक्तगट, सगळं." तिनं लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "मला लई भीती वाटते काका, म्हणून तर मागं लागलेय."

ते वळले आणि जिना उतरून निघून गेले. गेली आपली नोकरी, असं म्हणत ती घरी आली.

सकाळी बंडोपंत खिडकीशी हजर, हातात वाटी, वाटीत कुंकवात भिजलेल्या अक्षता. अंबुबाईंच्या हातावर दिल्या, सुकन्याच्याही.

"उद्या ट्रस्टची बैठक आहे. दोघींनी यायचं. वेगळी प्रत, दर महिन्याची तालीम, सगळं मंजूर करून घेऊ. पहिली तालीम माझी घ्या."

सुकन्याचे डोळे भरून आले. अंबुबाई मात्र अक्षता मुठीत धरून त्यांच्याकडं निरखून बघत होत्या. "थांबा जरा. आधी सरस्वतीबाईंना फोन लावून इचारते, खरंच बैठक हाय का."

सगळी खिडकी हसली. बंडोपंतांनी आपलाच फोन पुढं केला. "लाव बाई, लाव. विचारल्याशिवाय यायचंच न्हाई."