कोर म्हणजे कोंबडी

अंगणवाडीत कोंबडी शिरली, म्हणून राखी बोलली.

दिवाळीनंतर नाव घातलेली ही चार वर्षांची पोरगी संक्रांत उलटली तरी तोंडातून एक अक्षर काढत नव्हती. दाराशी बसायची, खिचडी खायची, फ्रॉकचं टोक चघळायची. तलावापलीकडच्या टोलीतून, त्या लहानशा वस्तीतून, येणारी सातही लेकरं अशीच गप्प, पण बाकीची निदान एकमेकांच्या कानात कुजबुजायची. राखी तेवढंही नाही. शेवटी सेविका अल्का रामटेके हिनं रजिस्टरात तिच्या नावापुढं लिहिलं, ‘मूल बोलत नाही. कान तपासणे.’ तिच्या आईला, अनुसयेला, गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात जायला बजावूनही झालं होतं.

आणि त्या दिवशी, ताटं नुकतीच वाढून झाली होती तोच एक तांबडी कोंबडी आपली आठ पिल्लं घेऊन थेट आत आली. राखी ताट सोडून उभी राहिली.

“कोर!” ती ओरडली. “कोर! कोर!”

मग काय विचारता! टोलीची सातही लेकरं कोंबडीमागं, कोंबडी वजनकाट्यावर, पिल्लं खिचडीत. गावातली पोरं टाळ्या पिटत होती. अल्का हातात पळा घेऊन मधोमध उभी.

“बोलली! शामकला, अवो पोरगी बोलली!”

मदतनीस शामकला चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. “बोलनारच ना बाई. कोर म्हंजे कोंबडी. गोंडीत.”

“तुले गोंडी येते?”

शामकलेचं हसू मावळलं. “मी देवरीकडली. घरी तेच बोलतो आमी. पयल्या बाईनं सांगतलं होतं, अंगणवाडीत गोंडी काढाची नाही, लेकरायची मराठी बिघडते. तवापासून मी तोंड बंद केलं.”

अल्काला या गावात सेविका होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं ही बाई रोज तिच्या शेजारी बसून भांडी घासत होती, आणि अल्कानं कधी विचारलं नव्हतं. तिचे कान गरम झाले. म्हणजे राखी मुकी नव्हती, बहिरी तर नव्हतीच. जिथं कुणाचंच बोलणं कळत नाही अशा घोळक्यात ती तीन महिने बसून होती, आणि आपण तिला दवाखान्यात धाडायला निघालो होतो.

पण लाज धरायला वेळ कुठं होता? राखीनं कोंबडी धरली होती. तिला बगलेत दाबून राखी अल्कापुढं येऊन उभी राहिली, डोळे चमकत होते. “कोर,” तिनं समजावून सांगितलं.

अल्का गुडघ्यावर बसली. “कोर,” तिनं म्हणून पाहिलं. ते बहुतेक चुकलं असावं, कारण राखी खुदकन हसली. मग अल्कानं कोंबडीच्या पाठीवर बोट ठेवलं. “कोंबडी.”

त्या दुपारी अल्का घरी गेली नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ती शामकलेजवळ बसली. शामकला सांगत होती, अल्का लिहीत होती. बकरी म्हणजे येटी, कुत्रा म्हणजे नई, बैल म्हणजे कोंदा.

“अन ससा?”

“मलोल.”

“मोर?”

“मल.”

“ससा मलोल अन मोर मल? गडबड होईन वं!”

“तुमची होईन. लेकरायची नाही होत,” शामकला म्हणाली, आणि दोघी मोठ्यानं हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चुलीतल्या राखेची लांब रेघ पडली. रेघेच्या एका अंगाला गावातली लेकरं, दुसऱ्या अंगाला टोलीतली. कुणी एकानं मधे येऊन जनावर व्हायचं. गावानं मराठीत ओळखायचं, टोलीनं गोंडीत. ज्यांनी आधी ओळखलं, जनावर त्यांचं. पहिल्याच दिवशी टोलीनं कुत्री, बकऱ्या, मोर सगळं जिंकून नेलं. गाववाल्यांची तोंडं एवढीएवढी झाली. पाचव्या दिवशी अल्कानं बाजू बदलल्या: आता गावानं गोंडीत ओळखायचं आणि टोलीनं मराठीत. काय गोंधळ उडाला! तुटतील म्हणून पेटीत कुलूपबंद ठेवलेली खेळणी बाहेर आली. खरी जनावरं बघायला सगळी वरात तलावाच्या पाळीवर निघू लागली, पुढं शामकला, मागं अल्का. वाटेत शेळी दिसली की चोवीस गळ्यांतून दोन भाषांत एकदम आरोळी उठायची आणि शेळी बिचारी दावं तोडू पाहायची. अल्काला सकाळी आठ वाजायची घाई होऊ लागली. अशी घाई तिला शाळेत असतानाही कधी झाली नव्हती.

आठ-दहा दिवसांनी केशोराव आले. गावचा तलाव यांच्या पणज्यानं बांधला, त्यामुळं गावात कुठंही ते आपल्याच घरात आल्यासारखे येत. त्यांचा नातू हिमांशु अंगणवाडीतच होता.

“अल्काबाई, हे काय चालवलं तुमी? आमचा पोट्टा कुत्र्याकडं बोट दाखवते अन ‘नई, नई’ म्हणते. मले वाटलं, कुत्र्याले कुत्रा म्हनाले नाही म्हणून राहिला!”

अल्काला हसू आवरेना. “काकाजी, गोंडी होय ते. कुत्र्याले नई म्हणतेत.”

“पन त्याले गोंडी कायले पाहिजे? लोकायचे लेकरं गोंदियात इंग्रजी शिकून राहिले. मंगळवारी सुपरवायझर मॅडम येऊन राहिली ना? तिच्यासमोरच बोलतो मी.”

सोमवारी संध्याकाळी अल्कानं अंगणातली रेघ पायानं पुसली, खेळणी आवरली आणि पंचायत समितीतून आलेला प्राण्यांचा तक्ता भिंतीवर टांगला. शामकलेनं सगळं पाहिलं. तिनं रेघेची उरलेली राख केरसुणीनं झाडून टाकली. ते अल्काला फार लागलं.

मंगळवारी मॅडम स्कूटीवर आल्या. केशोराव आधीच दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मॅडमनी वजनं बघितली, रजिस्टर चाळलं आणि एका ओळीवर थांबल्या. “मूल बोलत नाही? कोणती राखी?”

राखी तक्त्यासमोर उभी राहिली. मॅडमनी सशावर छडी ठेवली. “हे काय आहे बाळ?”

तक्त्यावरचा ससा पांढराफेक होता, गुलाबी डोळ्यांचा, हातात गाजर धरलेला. असला ससा टोलीतल्या कुणी जन्मात पाहिला नव्हता. राखीनं फ्रॉकचं टोक तोंडात घातलं. मागं टोलीची लेकरं पुन्हा पहिल्यासारखी गप्प. केशोराव खाकरले.

अल्कानं एकदा शामकलेकडं पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, दोन्ही हात डोक्यावर कानांसारखे उभे केले आणि मॅडमच्या पुढ्यात टुणकन उडी मारली. एक, दोन, तीन, थेट तांदळाच्या कोठीपर्यंत.

“मलोल!” कुणीतरी किंचाळलं. तो हिमांशु होता, केशोरावांचा नातू.

आणि त्याच्या आवाजावर आवाज चढवून राखी ओरडली, “ससा! ससा! बाई ससा झाली!”

झालं! खोलीत एकच दंगा उसळला. कुणी मोर झालं, कुणी बकरी. मॅडमच्या छडीचं कुणीतरी शेपूट केलं.

“ही बोलत नाही म्हणता?” मॅडमना ओरडूनच विचारावं लागलं.

“चूक माझी आहे मॅडम,” अल्का धापा टाकत म्हणाली. “ती गोंडी बोलते, आणि मी तिला एकदाही गोंडीत विचारलं नव्हतं. हे सगळं शामकलेनं शिकवलं.”

“मॅडम, मले बोलाचं होतं,” केशोराव उठले. पण तोवर हिमांशु चार पायांवर त्यांच्यापुढं आला होता, आणि त्याच्या पाठीवर राखी बसली होती.

“आजा, मी कोन?”

“बैल.”

“नाही! गोंडीत सांगा!”

केशोरावांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळी लेकरं त्यांच्याकडं बघत होती. “कोंदा,” ते हळूच म्हणाले.

“बरोबर!” चोवीस गळे ओरडले.

“म्या का आयकली नाही गोंडी?” ते मॅडमकडं वळून म्हणाले. “आमच्या धानाच्या बांधीत टोलीचेच लोक नांगर धरत.” मग जरा आवाज चढवून, “पन मराठीबी पक्की झाली पाहिजे, सांगून ठेवतो.” आणि ते पुन्हा खुर्चीत बसले. जे बोलायचं होतं ते त्या दिवशी ते बोललेच नाहीत. खेळ संपेपर्यंत हललेही नाहीत.

मॅडमनी रजिस्टर पुढं केलं. अल्कानं ती ओळ खोडली आणि खाली सही केली.

पुढच्या महिन्यात सडक अर्जुनीला सेविकांची बैठक होती. मॅडमचा निरोप आला, शामकलेला घेऊनच या. आजवर बैठकीला कधी मदतनीस गेली नव्हती. हायवेवरून ट्रक धडधडत होते, सभागृहाच्या काचा थरथरत होत्या, आणि चाळीस बायांसमोर उभी राहिलेली शामकला त्याहून जास्त थरथरत होती. “मी नाही बोलत बाई,” ती अल्काच्या कानात म्हणाली.

“नको बोलू. मोर हो,” अल्का म्हणाली.

शामकलेनं लुगड्याचा पदर पाठीमागं दोन्ही हातांनी पसरला, मान ताठ केली आणि डौलात दोन पावलं टाकली. मग पुढचं आपोआप सुचत गेलं. मलनंतर मलोल आला, कोर आली, येटी आली. पहिल्या रांगेतल्या जाड्या सेविका खुर्च्या सरकवून उड्या मारू लागल्या. एकीनं तर पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

“अन हत्तीले काय म्हणतेत?” कुणीतरी विचारलं.

शामकला थबकली. “ते मले नाही आठवत. आईले विचारून सांगतो.”

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक सेविका उठली. वय झालेली बाई. इतकी वर्षं बैठकीला येत होती, पण तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“मले येते,” ती म्हणाली. “मीबी गोंडच होय.”

सगळ्या माना मागं वळल्या. बाई गर्दीतून वाट काढत पुढं आली. शामकलेनं सरकून तिला आपल्या बाजूला जागा दिली, आणि अल्का खडू शोधायला फळ्याकडं धावली.