जावयाची जीप

"मामा, संध्याकाळपर्यंत होईल ना?" जावयाने पुन्हा विचारलं. आवाज मऊच होता.

"बघू," रेडिएटरवाला म्हणाला. जुन्या जीपचा रेडिएटर उतरवून त्याने अंगणात आडवा ठेवला होता. वरची टाकी उसवली, तर क्षारांच्या पांढऱ्या थरामुळे नळ्यांची तोंडंच दिसेनात. ॲसिडचं पाणी ओतताच थर फसफसला. "मागे सरा, जावईबापू. डोळ्यांत जाईल."

जावई हलला नाही. "विहिरीच्या पाण्याने हे झालं. तुमच्या मुलीला सांगितलं होतं, पावसाचं पाणी साठवून ठेव म्हणून. विसरली." तो हसला. "आता नाही विसरायची."

मुलगी चहा घेऊन आली. नवऱ्याच्या हातात कप देऊन तिथेच उभी राहिली. त्याने घोट घेऊन मान डोलावली, तेव्हाच वळली.

जावई फोनवर बोलत फाटकाबाहेर गेला. नळीत तार सारत रेडिएटरवाला हळूच म्हणाला, "चार दिवस लांबवू का गं? सामान मिळत नाही म्हणून सांगतो."

"नको. लवकर करा, बाबा. त्यांना ताटकळावं लागलं की नंतर सगळं माझ्यावर निघतं."

त्याची तार थांबली. मागच्या खेपेला तिचा गाल सुजला होता. दाढ दुखते म्हणाली होती, आणि त्यानेही ते खरं मानून घेतलं होतं.

नळ्या मोकळ्या झाल्या. पाणी सोडून पाहिलं, तर जागोजागी पाझरू लागलं. इतके दिवस त्या थरानेच भोकं बुजवली होती. भोकांना शिशाचे डाग दिले की काम संपणार होतं. त्यासाठी पेटवलेला स्टोव्ह त्याने विझवला.

"झालं?" जावई परत आला होता.

"नाही. आज मी करणारही नाही. तुम्ही एसटीने जा. ती इथेच राहील."

"तिला विचारलंत?" जावयाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "चल गं, गाडीत बस."

ती आतून पिशवी घेऊन आली आणि जीपमध्ये जाऊन बसली. बॉनेट उघडं होतं, रेडिएटर अंगणात पडला होता. तरी तिने दार ओढून घेतलं.

रेडिएटरवाल्याने हात पुसले. जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला.

"मामा, दार लावा," जावई अगदी जवळ येऊन, त्याच मऊ आवाजात म्हणाला.

 म्हाताऱ्याने दार आणखी घट्ट धरलं.

बऱ्याच वेळाने, मान वर न करताच, तिने मांडीवरची पिशवी वडिलांकडे सरकवली.